लोणारचे विवर आणि चंद्रावरचे पाणी



आपली बॅच महाराष्ट्रातली दहावीची पहिली बॅच. १९७५ साली जुन्या अकरावी मॅट्रिकची शेवटची परीक्षा आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा एकाच वर्षी झाली, हे आता नातवंडांना समजावून सांगावे लागते. पन्नास वर्षांनी आपण पुन्हा एकत्र येतो आहोत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा वाटले की शाळेच्या खोड्या, डबे आणि छड्या यांबद्दल बाकीचे लिहितीलच. आपण एका सहलीबद्दल लिहावे, आणि त्या सहलीत वहीत उतरवून घेतलेल्या दोन वाक्यांचे पुढे काय झाले, याचा इतिहास सांगावा.

ती सहल म्हणजे आठवीतली लोणारची. जानेवारी १९७३. साल सांगितले की बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या पिढीला बाकी काही सांगावे लागत नाही. १९७२चा पाऊस गेलेला, विहिरींचे तळ दिसत होते. घरात ज्वारीऐवजी मिलो, शाळेत सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी आपलीच माणसे. वर्गातली कित्येक मुले सहलीला आलीच नाहीत. काही दुष्काळी कामावर आईवडिलांबरोबर जात होती, काहींकडे एस. टी.च्या भाड्याचे पैसे नव्हते. आपण मोजकेच जण गेलो.

लोणारच्या काठावर उभे राहिल्यावर काय वाटले, ते अजून आठवते. सपाट माळावरून चालता चालता एकदम पायाखालची जमीन संपते, आणि खाली सुमारे दीडशे मीटरवर गोल, हिरवट पाणी. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरहून अधिक अंतर. दुष्काळाच्या वर्षी एवढे पाणी एका जागी पाहून आपण हरखलो होतो. खाली उतरल्यावर कुणीतरी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. ते पाणी खारट आणि सोड्याचे. पिण्याजोगे पाणी मिळाले ते काठावरच्या धारेचे. त्या वर्षीही ती वाहत होती.

कमळजा देवीच्या देवळाच्या सावलीत बसवून भूगोलाच्या सरांनी आपल्याला माहिती सांगितली आणि वह्या काढायला लावल्या. माझ्या वहीत त्या दिवशीची दोन वाक्ये आहेत. पहिले : ‘लोणार सरोवर हे मृत ज्वालामुखीचे मुख आहे.’ दुसरे वाक्य विषयांतराचे होते. महिन्यापूर्वीच, डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो १७चे अंतराळवीर चंद्रावरून परत आले होते. कुणीतरी विचारले, सर, चंद्रावरही असेच खड्डे असतात ना, मग त्यात पाणी असते का? सर म्हणाले, लिहून घ्या : ‘चंद्रावर हवा नाही व पाण्याचा थेंबही नाही.’

घरी आल्यावर ही दोन्ही वाक्ये मी आजीला वाचून दाखवली. पहिल्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्यावर म्हणाली, “एवढ्या लांब गेले, अन् पानीच नाई तं गेले कायले?”

आता पहिल्या वाक्याचा इतिहास.

लोणारची गोष्ट लोकांना फार आधीपासून ठाऊक होती. जमिनीखाली राहणाऱ्या लवणासुराला विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन मारले, ही कथा गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाला चिकटलेली आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त या सरोवराचा उल्लेख आहे. इथल्या क्षारांचा व्यापार चाले, आणि दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्यांच्या प्रकारांची नावे होती. युरोपियनांच्या लिखाणात लोणार आले ते १८२३ मध्ये, जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिल्यानंतर. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे भूशास्त्रज्ञ या खड्ड्यावर वाद घालत राहिले, पण बहुतेकांचा ओढा एकाच बाजूला होता. आजूबाजूला सगळा काळा पाषाण, म्हणजे लाव्हारसाचा खडक. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला, तर तो ज्वालामुखीचाच असणार. कुणी म्हणे स्फोट झाला, कुणी म्हणे वायूने जमीन फुगली आणि मग खचली. सरांनी आपल्याला सांगितले ते मनाचे नव्हते. त्या वेळच्या पुस्तकांत तेच होते.

या वादात एक गमतीदार माणूस येतो. अमेरिकेचा ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट. १८९०च्या दशकात त्याने दुर्बिणीतून चंद्र पाहून सांगितले, की चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे नाहीत, बाहेरून येऊन आदळलेल्या दगडांचे आहेत. त्या काळात हे म्हणायला धाडस लागत होते, आणि त्याचे बरोबर होते. पण त्याच गिल्बर्टने अ‍ॅरिझोनातला मोठा खड्डा स्वतः जाऊन पाहिला, मोजला, आणि १८९६ साली निर्णय दिला, की हा वाफेच्या स्फोटाने झाला. त्याच्यासारखाच दुसरा म्हणून त्याने नाव घेतले ते आपल्या लोणारचे. चंद्रावरचा खड्डा त्याने लांबून बरोबर ओळखला, आणि पायाखालचा मात्र ओळखता आला नाही.

अ‍ॅरिझोनाचा निकाल १९६० मध्ये लागला. युजीन शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना तिथे कोएसाइट नावाचे खनिज सापडले. ते तयार व्हायला जेवढा दाब लागतो, तेवढा जमिनीच्या पृष्ठभागाजवळ कोणताच ज्वालामुखी देऊ शकत नाही. मग नजर लोणारकडे वळली. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणार हे उल्काविवर असावे का, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. त्यानंतर सरोवराच्या तळात बोअर घेतले गेले. तळाखालच्या खडकाचे तुकडे तपासल्यावर त्यात मॅस्केलिनाइट मिळाले. खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाला इतका जबर धक्का बसतो, की ते न वितळताच काचेसारखे होते. त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्कापाषाणात. तीच काच आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणात निघाली. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा लेख ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आला तो मे १९७३ मध्ये. म्हणजे आपली सहल झाली, त्यानंतर चार महिन्यांनी.

त्या लेखाला चंद्राच्या अभ्यासकांकडून एवढी मागणी का आली, तेही सांगायला हवे. चंद्रावरचे जे काळे डाग आपल्याला ससा किंवा हरीण वाटतात, ते लाव्हाची मैदाने आहेत, बहुतांशी बेसाल्टची. बेसाल्टवर उल्का आदळली की खडकाचे काय होते, हे पृथ्वीवर पाहायचे, तर अ‍ॅरिझोना कामाचे नाही. तिथे वाळूचा आणि चुन्याचा दगड आहे. बेसाल्टमधले इतके ठळक आणि टिकून राहिलेले विवर म्हणजे लोणार. म्हणून अपोलोने आणलेल्या दगडांशेजारी लोणारचे दगड सूक्ष्मदर्शकाखाली गेले. आपण सहलीत ठोकरत गेलो, तेच दगड.

आपल्याला हे कधी कळले? दहावीत, १९७४च्या दिवाळीनंतर. सर नागपूरला एका शिबिराला जाऊन आले होते. पहिल्याच तासाला फळ्याकडे न जाता टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, “लोणारला मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली.” वर्ग एकदम शांत झाला. मास्तर चुकतात, हे आपल्याला माहीत होते. पण मास्तर तसे स्वतःहून सांगतात, हे माहीत नव्हते. उल्केची सगळी हकिगत सांगून झाल्यावर काही जण आठवीची वही शोधून ते वाक्य खोडू म्हणाले. सर म्हणाले, “खोडू नका. त्याच्या खाली तारीख घालून नवीन लिहा. आधी काय समजत होतो तेही दिसलं पाहिजे.”

माझ्या वहीत पहिल्या वाक्याखाली ती दुरुस्ती आहे. दुसऱ्या वाक्याखाली मात्र पुढची पस्तीस वर्षे जागा कोरी राहिली.

आता दुसरे वाक्य.

चंद्रावर पाणी नाही, हेही सरांनी मनाचे सांगितले नव्हते. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून सुमारे ३८२ किलो दगडमाती आणली, आणि ती हाडासारखी कोरडी निघाली. पण या सहाही जागा चंद्राच्या मध्यभागाकडच्या होत्या. दिवसा तिथे पाणी उकळेल इतके ऊन असते. ध्रुवांकडे कुणी गेलेच नव्हते. आणि ध्रुवांवर बर्फ टिकू शकेल, असे वॉटसन, मरे आणि ब्राउन या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच, पहिला माणूस चंद्रावर उतरण्याच्या आठ वर्षे आधी, हिशेब मांडून लिहून ठेवले होते.

त्यांचा हिशेब समजून घ्यायला लोणारसारखे दुसरे साधन नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे. चंद्राचा आस सूर्याच्या तुलनेत जेमतेम दीड अंश. त्यामुळे चंद्राच्या ध्रुवावर उभे राहिले, तर सूर्य क्षितिजाच्या कडेकडेने फिरतो आणि दीड अंशापेक्षा वर येतच नाही. आता कल्पनेने आपले लोणार उचलून त्या ध्रुवावर ठेवा. लोणारच्या तळाच्या मध्यावर उभे राहिलो, तर काठ आपल्याला सुमारे नऊ अंश वर दिसतो. दीड अंशावरचा सूर्य नऊ अंशांच्या काठावरून आत डोकावणार कसा? म्हणजे त्या तळाला ऊन कधीच लागणार नाही. आज नाही, उद्या नाही, कोट्यवधी वर्षांत नाही. अशा एका विवरात उणे २४७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मोजले गेले आहे. धूमकेतूंबरोबर किंवा इतर मार्गांनी आलेले पाणी भटकत तिथे पोचले, की गोठून अडकते. वर हवा नाही, वारा नाही, ऊन नाही. बर्फ जाणार कुठे?

चंद्राचा आस असा सरळ का, याचे उत्तर मला लोणारला मिळाले नाही. त्याचा धागा समुद्रावर सापडला. आपण समुद्रापासून शेकडो कोस दूरची माणसे. भरती-ओहोटी आपल्याला पुस्तकातली. नोकरीत काही वर्षे मी रत्नागिरीला होतो, तेव्हा ती पाहिली. एका खलाशाने मला घड्याळ न पाहता भरतीची वेळ काढायला शिकवले : तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल, तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणून पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्र रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्याचा हा हिशेब. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. आणि ही ओढ नुसत्या पाण्याला लागत नाही. बुलढाण्याची घट्ट जमीनसुद्धा त्याच ओढीने दिवसातून दोनदा उचलली जाते आणि खाली बसते, काही वेळा फूटभर. सगळेच एकदम हलते म्हणून आपल्याला कळत नाही.

चंद्र जशी पृथ्वीवर भरती आणतो, तशी पृथ्वी चंद्राच्या खडकात आणते, आणि पृथ्वी कितीतरी जड असल्याने फार जोराने. त्या ताणाने चंद्राची गिरकी मंदावत मंदावत अशी झाली, की आता त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. त्याच ओढाताणीत भरतीमुळे चंद्र हळूहळू पृथ्वीपासून दूर सरकत गेला, आणि त्याचा आस आजच्या या जवळजवळ उभ्या स्थितीत येऊन बसला. दूर सरकणे अजून चालू आहे, वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर. अपोलोच्या माणसांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून ते मोजले जाते. म्हणजे रत्नागिरीच्या धक्क्यावर पाणी चढवणारी शक्ती आणि चंद्राच्या ध्रुवावर बर्फ झाकून ठेवणारी सावली, यांचे मूळ एकच. हे समजले, त्या दिवशी मला सरांची फार आठवण आली.

पण हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाच्या रडारने ध्रुवाकडे बर्फासारखी खूण दिली. १९९८ मध्ये लुनार प्रॉस्पेक्टरने दोन्ही ध्रुवांवर हायड्रोजन दाखवला. काम संपल्यावर, ३१ जुलै १९९९ रोजी ते यान मुद्दाम दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात आदळवले, पाण्याची वाफ उडते का ते पाहायला. ती दिसली नाही. त्या यानात एका माणसाची चिमूटभर रक्षा होती : अ‍ॅरिझोनाचा निकाल लावणाऱ्या युजीन शूमेकरची. त्याला स्वतः चंद्रावर जायचे होते, आजारपणामुळे जाता आले नाही. १९९७ मध्ये विवरांच्या शोधातच ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात तो गेला. ज्या विवरात यान पडले, त्याला आता त्याचेच नाव आहे.

मग आपली पाळी आली. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ निघाले. १४ नोव्हेंबरला त्यातून सुटलेली, तिरंगा रंगवलेली पेटी दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवराच्या परिसरात आदळली. पडता पडता तिच्यातल्या उपकरणाला पाण्याची खूण मिळाली. यानावरच्या अमेरिकन उपकरणाने चंद्राच्या मातीवरून परतलेला उजेड तपासला, आणि २४ सप्टेंबर २००९ रोजी जाहीर झाले, की चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे रेणू आहेत, आणि ध्रुवांकडे ते वाढत जातात. दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, अमेरिकेने रॉकेटचा एक रिकामा टप्पा दक्षिणेकडच्या कॅबियस विवरात आदळवला. या वेळी उडालेल्या धुरळ्यात पाणी मिळाले. मार्च २०१० मध्ये चांद्रयान-१ वरच्या रडारचा निष्कर्ष आला : उत्तर ध्रुवाजवळ चाळीसहून अधिक लहान विवरांत बर्फाची चिन्हे आहेत, अंदाजे किमान ६० कोटी टन. ही विवरे दोन ते पंधरा किलोमीटर व्यासाची. त्यांतली सर्वांत लहान आपल्या लोणारपेक्षा जराशीच मोठी!

२००९च्या त्या सप्टेंबरात मी आठवीची वही काढली. सर त्याआधीच गेले होते. दुसऱ्या वाक्याखाली तारीख घातली आणि लिहिले : ‘चंद्रावर पाणी आहे. भारताच्या यानाने दाखवले.’ आजीही नव्हती. असती, तर बहुधा म्हणाली असती, आता तरी आपल्या हिरीत आणा.

तिच्या त्या प्रश्नाला उत्तर देणे मला आजही सोपे वाटत नाही. चंद्रावरचे पाणी मेहकर-लोणारच्या रानाला मिळणार नाही. ते उपयोगी पडेल ते तिथे राहायला जाणाऱ्यांना, प्यायला, श्वासाला आणि रॉकेटच्या इंधनाला. आणि त्या काळोखातला बर्फ अजून कुणी हातात घेतलेला नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ उतरले, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. ते दक्षिणेकडे उतरले, तोवरच्या इतर कोणापेक्षाही ध्रुवाच्या जवळ. पण प्रत्यक्ष ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरवर आहे. त्याच्या तापमापीने मात्र एक मोलाची गोष्ट दाखवली : वरची माती उन्हाने तापलेली असताना फक्त आठ सेंटीमीटर खाली तापमान शून्याच्या खाली होते.

लोणारचीही वही पूर्ण झालेली नाही. एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ते जपायचे काम मात्र दर्जाने होत नाही, माणसांनी करावे लागते.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक सूचना. जमलेल्या निधीतून शाळेला कपाट, पंखा, घड्याळ देऊच. पण काही रक्कम बाजूला ठेवून दरवर्षी आठवीच्या मुलांची लोणारची सहल करावी, आणि कुणाकडे भाड्याचे पैसे नाहीत म्हणून एकही मूल मागे राहू नये. १९७३ मध्ये जे मागे राहिले, त्यांतले काही जण आज आपल्यात बसले आहेत. त्यांनाही या वेळी बरोबर नेऊ. सहल शुक्ल पक्षात ठेवावी, म्हणजे संध्याकाळी काठावरून वर चंद्र आणि खाली विवर, दोन्ही एकाच वेळी दाखवता येतील. प्रत्येकाच्या हातात एक वही द्यावी. तिथे त्यांना आज जे खरे समजले जाते ते सांगावे, आणि प्रत्येक वाक्याखाली चार ओळी मोकळ्या सोडायला सांगावे.

माझी वही मी मेळाव्याला घेऊन येतो आहे.